साथ गेली, आदेश राहिला : रेल्वेमंत्र्यांना इंदूरहून खुले पत्र

मा. रेल्वेमंत्री आणि मा. अध्यक्ष, रेल्वे बोर्ड,
रेल भवन, नवी दिल्ली

सप्रेम नमस्कार.

१९ मार्च २०२० रोजी आपल्या मंत्रालयाने जाहीर केले की त्या मध्यरात्रीपासून रुग्ण, विद्यार्थी आणि दिव्यांग सोडून बाकी कोणालाही सवलतीचे तिकीट मिळणार नाही, पुढील सूचना येईपर्यंत. कोरोनाच्या साथीच्या काळात अनावश्यक प्रवास टळावा, हे कारण दिले होते. कारण रास्त होते. साठ वर्षांच्या पुरुषाला चाळीस टक्के आणि अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला पन्नास टक्के मिळणारी सूट त्या रात्री गेली, पण कोणी चकार शब्द काढला नाही. तीन दिवसांत गाड्याच थांबल्या, तिथे सवलतीचे काय घेऊन बसायचे? ती ‘पुढील सूचना’ मात्र अजून आलेली नाही.

आधी माझे या प्रकरणात काय, ते सांगून टाकतो. मी आरक्षण खिडकीमागे नोकरी करून निवृत्त झालो. मला निवृत्त कर्मचाऱ्याचा पास मिळतो, त्यामुळे सवलत परत आली काय आणि न आली काय, माझ्या खिशात काही फरक पडत नाही. पण रामबाग, लोकमान्य नगर, सुदामा नगर या भागांतली मराठी म्हातारी माणसे अजूनही फॉर्म भरून घ्यायला निवृत्त रेल्वेवाल्याचेच दार ठोठावतात. भाड्याचा हिशोब त्यांना समजावून सांगावा लागतो, आणि ‘सवलत का गेली हो?’ याचे उत्तर देता येत नाही. तेव्हा ते उत्तर आपणच द्यावे.

साथीच्या नावाखाली जे जे थांबले, ते बहुतेक परत आले. नोव्हेंबर २०२१ मध्ये गाड्यांवरचा ‘स्पेशल’ शिक्का निघाला. फेब्रुवारी २०२२ पासून सगळ्या गाड्यांत शिजवलेले जेवण पुन्हा मिळू लागले. मार्च २०२२ मध्ये एसी डब्यांत चादर, ब्लँकेट आणि पडदे परत लावायचा आदेश निघाला. पॅसेंजर गाड्यांना एक्स्प्रेसचे भाडे लावून दहाचे तिकीट तीस रुपये केले होते, तेही फेब्रुवारी २०२४ मध्ये उतरले. याच सरकारने १ मार्च २०२१ पासून साठीच्या पुढच्यांना लस दिली आणि जानेवारी २०२२ पासून खबरदारीचा डोसही दिला. म्हणजे ज्यांना घरातून बाहेर पडू नका असे सर्वांत जास्त बजावले, त्यांनाच आधी लस देऊन बाहेर पडायला मोकळे केले. आणि मोकळे केल्यावर तिकीट मात्र पूर्ण भाड्याचे. ३१ मार्च २०२२ ला आपत्ती व्यवस्थापन कायद्याखालचे निर्बंध संपले, मे २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी उठवली. कारण संपले, उपाय चालूच आहे.

आता पैशाचे बोलू, कारण संसदेत उत्तर देताना आपण नेहमी पैशाचेच बोलता.

सवलत कशी मोजली जायची हे पुष्कळांना ठाऊक नसते. साध्या मेल-एक्स्प्रेसमध्ये ती तिकिटाच्या पूर्ण रकमेवर नव्हती, मूळ भाड्यावर होती. आरक्षण शुल्क (स्लीपरला २०, थ्री-एसीला ४० रुपये) आणि सुपरफास्टचा अधिभार (स्लीपरला ३०, थ्री-एसीला ४५) सगळ्यांसारखाच पूर्ण द्यावा लागे. तत्काळमध्ये सवलत कधीच नव्हती. म्हणजे घाईत जाणाऱ्या ज्येष्ठाला, गावाकडून कोणी गेल्याचा निरोप आला आहे अशाला, आपण तेव्हाही काही देत नव्हता. सवलत घेणारा माणूस साधारण तोच, जो आधी ठरवून, आगाऊ पैसे भरून प्रवास करायचा.

एक उदाहरण घ्या. थ्री-एसीचे मूळ भाडे एक हजार रुपये धरा. नवऱ्याचे चारशे वाचायचे, बायकोचे पाचशे. एकीकडचे नऊशे, जाऊन-येऊन अठराशे. वर पाच टक्के जीएसटी, तोही कमी भाड्यावर कमी लागायचा. एकूण १,८९० रुपये. स्लीपरचे मूळ भाडे चारशे धरले तर हाच आकडा ७२० होतो. कर्मचारी भविष्य निर्वाह निधीच्या ईपीएस-९५ योजनेत किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना १,००० रुपये आहे आणि इंदूरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले असे पेन्शनर या शहरात घराघरांत आहेत. एसीतून जाण्याचे सोडून द्या, दोघांनी स्लीपरने लेकीकडे जाऊन यायचे तरी महिन्याच्या पेन्शनचा पाऊण हिस्सा फक्त सवलत गेल्यामुळे जादा जातो.

इंदूरची आणखी एक अडचण आहे, जी दिल्लीतून दिसत नाही. पुणे आमच्या दक्षिणेला आहे, पण इथून पुण्याला जाणारी गाडी आधी रतलामला जाते, मग वडोदरा, सुरत, वसई, कल्याण करत पुण्याला पोहोचते. पुण्याला जायचे तर आधी गुजरात पाहून यावा लागतो. भाडे किलोमीटरवर लागते, म्हणजे वळशाचे पैसेही प्रवाशाच्याच माथी. खंडवा-अकोला-पूर्णा असा खाली उतरणारा मीटरगेजचा जुना रस्ता गेज बदलाच्या कामात तुटला. मनमाडची नवी लाइन सप्टेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली, ३०९ किलोमीटर, १८,०३६ कोटी रुपये. आनंद आहे, आभारही आहेत. पण आज पंच्याहत्तरीत असलेल्या माणसाला त्या लाइनचा हिशोब सांगून काय उपयोग? या शहराला वाट पाहायची सवय आहे, ती कोणाला लावावी अशी नाही : हुकुमचंद मिल १९९१ मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचा निपटारा डिसेंबर २०२३ मध्ये झाला. तोवर कित्येक जण हक्काचा पैसा न पाहताच गेले.

‘रेल्वे परवडत नसेल तर बसने जा’ असे कोणी म्हणेल. कोणत्या बसने? मध्य प्रदेशचे राज्य परिवहन महामंडळ २००५ मध्येच गुंडाळायला काढले. सरवटे बसस्थानकावरून सुटणाऱ्या खाजगी गाडीत वयाची सूट नसते, आणि स्लीपर कोचच्या वरच्या खणात चढायला जी लोखंडी शिडी असते ती सत्तरीच्या माणसासाठी केलेली नाही. सेंधव्यापलीकडे महाराष्ट्राच्या हद्दीत एसटी ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीपुढच्यांना फुकट नेते आणि पासष्टपासून अर्ध्या तिकिटात. तोट्यातले एसटी महामंडळ जे करू शकते ते रेल्वेला का जमू नये, हा प्रश्न इंदूरच्या माणसाला जास्त टोचतो, कारण त्याचे अर्धे गणगोत त्या हद्दीपलीकडे आहे. आमच्या राज्यात ज्येष्ठांना सरकारी खर्चाने यात्रेला नेणारी मुख्यमंत्री तीर्थदर्शन योजना आहे, चांगली आहे, पण तिच्यात आयकर भरणारे बसत नाहीत, अर्ज जास्त आले तर सोडत निघते, आणि रामेश्वरला गेले म्हणजे नातवाच्या मुंजीला गेल्यासारखे होत नाही.

आता आपला युक्तिवाद. डिसेंबर २०२४ मध्ये आपण सांगितले की रेल्वे प्रत्येक प्रवाशाला सरासरी ४६ टक्के सूट देतेच, शंभर रुपयांच्या सेवेचे चोपन्न घेते, मग ज्येष्ठांना वेगळे कशाला? ही सूट पंचविशीच्या तरुणाला मिळते आणि ऐंशीच्या आजोबांनाही मिळते. ती २०२० च्या आधीही होती. २०१६ पासून तर तिकिटावर छापूनच येत होते की रेल्वे खर्चाच्या सरासरी ५७ टक्केच वसूल करते, आणि तेव्हा ज्येष्ठांची सवलत चालू होती. दोन्ही गोष्टी एकत्र नांदत होत्या. शिवाय सरासरीत लोकलचा पास, पॅसेंजरचे तिकीट, सगळे मिसळलेले असते. महालेखापरीक्षकांच्या अहवालांतून दिसते की महामारीपूर्वी थ्री-एसी हा खर्च भरून काढणारा वर्ग होता. त्यातल्या म्हाताऱ्याला ‘तुला आधीच सूट आहे’ असे सांगणे बरोबर नाही.

सवलतीचा बोजा किती? संसदेत दिलेले आकडे आपलेच आहेत : २०१७-१८ मध्ये १,४९१ कोटी, २०१८-१९ मध्ये १,६३६ कोटी, २०१९-२० मध्ये १,६६७ कोटी. त्याच २०१९-२० मध्ये प्रवासी भाड्यावरचे एकूण अनुदान आपण ५९,८३७ कोटी सांगितले. शंभर रुपयांतले तीनसुद्धा नाहीत. उलट बाजूने पाहा. माहिती अधिकारात मिळालेल्या उत्तरानुसार २० मार्च २०२० ते ३१ मार्च २०२२ या काळात ७.३१ कोटी ज्येष्ठांनी सवलतीशिवाय प्रवास केला, आणि त्यांच्याकडून आलेल्या ३,४६४ कोटींपैकी सुमारे दीड हजार कोटी हे सवलत बंद केल्यामुळे आलेले जादा उत्पन्न होते. प्रवास टळावा म्हणून काढलेल्या आदेशाने प्रवास टळला नाही, फक्त महाग झाला. ज्याला जायचेच होते तो गेला. न जाऊ शकलेल्यांची नोंद कोणत्याच तक्त्यात होत नाही.

गैरवापर व्हायचा का? व्हायचा. पंचावन्नचा माणूस फॉर्मवर एकसष्ट लिहायचा. खिडकीवर वयाचा पुरावा मागायचा नियम नव्हता, तो प्रवासात जवळ ठेवायचा होता, आणि गर्दीच्या डब्यात टीसी प्रत्येकाचे ओळखपत्र पाहायचा नाही. काही ज्येष्ठांना सवलतीची गरज नव्हती तरी ते घेत, हेही खरे. पण दोन्हींवर तोडगा आपल्याकडे आधीपासून तयार आहे. २०१६ मध्ये सवलत आपोआप लागायची बंद झाली. फॉर्मवर चौकट आली : सवलत हवी का, हो किंवा नाही. २०१७ पासून अर्धी सोडण्याची सोय आली. आरक्षणाच्या संगणकाला पूर्ण, अर्धी आणि शून्य हे तिन्ही पर्याय माहीत आहेत, नवे काही बनवायचे नाही, बंद केलेले चालू करायचे आहे. आणि वयाची खात्री? १ जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळला आधार लागतो, ऑक्टोबर २०२५ मध्ये तो साध्या आरक्षणाच्या पहिल्या पंधरा मिनिटांतही लागू झाला. जन्मतारीख ताडून पाहणारी यंत्रणा दलाल रोखायला उभी केली आहे, तीच साठी मोजायलाही चालेल.

या आधारचीही दुसरी बाजू आहे, ती इथेच सांगतो. आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून साठ दिवसांवर आले. आठ वाजता खिडकी उघडते, ओळीतला पहिला फॉर्म लिपिकाने टाइप करेपर्यंत दोन-तीन मिनिटे जातात, तेवढ्यात मोबाइलवाल्यांनी खालचे बर्थ उचललेले असतात. आजोबांनी मोबाइल वापरायचा म्हटले तर आधारला जोडलेला नंबर बहुतेक वेळा मुलाचा असतो. मुलगा पुण्यात. ओटीपी पुण्याला जातो, मुलगा मीटिंगमध्ये असतो, आणि इकडे वेळ संपतो. हे नियम करताना कोणीतरी सत्तरीच्या माणसाला शेजारी बसवून एक तिकीट काढून पाहायला हवे होते.

खालच्या बर्थचा कोटा हे सवलतीनंतर उरलेल्या मोजक्या सौजन्यांपैकी एक आहे. स्लीपरच्या डब्यात सहा-सात, थ्री-एसीत चार-पाच, टू-एसीत तीन-चार खालचे बर्थ साठीचे पुरुष, पंचेचाळिशीपुढच्या स्त्रिया आणि गरोदर महिला यांच्यासाठी राखीव असतात. कोटा चांगला, पण त्याची अट फार जणांना कळत नाही. एका तिकिटावर प्रवासी एक किंवा दोनच, आणि तेही पात्र असतील तरच तो लागतो. आजी-आजोबा आणि सोबतीला तरणा भाचा, असे तिघे एका फॉर्मवर टाकले की संगणक कोटा बघतच नाही, आणि मग आजीला मधला बर्थ येतो. त्यावर उपाय म्हणून दोघांचे तिकीट वेगळे, भाच्याचे वेगळे काढावे लागते. मग भाचा भलत्याच डब्यात, आणि ज्याला सोबत म्हणून नेले तो रात्री पाणी द्यायलाही जवळ नाही. गाडी सुटल्यावर रिकामा खालचा बर्थ ज्येष्ठाला द्यावा असा नियम आहे, टीसीकडे तो यंत्रावर दिसतोही, पण मागितल्याशिवाय मिळत नाही आणि मागायचा असतो हे सांगितल्याशिवाय कळत नाही. आरएसीचे तर विचारू नका : भाडे पूर्ण, बर्थ अर्धा, बाजूच्या खालच्या सीटवर दोघांनी पाय आखडून रात्र काढायची.

खिडकीबद्दल एकच गोष्ट. ज्येष्ठ, दिव्यांग वगैरेंसाठी वेगळी खिडकी ठेवायचा नियम आहे, पण त्यासाठी एका पाळीत सरासरी १२० तिकिटांची मागणी लागते. सवलत गेली, ज्येष्ठांनी प्रवास कमी केला किंवा नातवंडांकडून मोबाइलवर तिकीट काढले, की मागणी १२० च्या खाली येते. खिडकी बंद करायला मग कोणाचा आदेशही लागत नाही.

रुग्णांच्या सवलती चालू आहेत असे आपण सांगता. खरे आहे, अकरा प्रकारच्या रुग्णांना त्या मिळतात : कर्करोग, थॅलेसेमिया, हृदयाची शस्त्रक्रिया, किडनी, क्षय आणि असेच. पण म्हातारपणी माणूस प्रवास करतो तो गुडघ्यासाठी, मोतीबिंदूसाठी, मुलाच्या गावी जाऊन चार तपासण्या करून घेण्यासाठी. त्यातले काहीच त्या यादीत नाही.

आणि मुख्य म्हणजे तो जातो माणसांना भेटायला. टाळेबंदीत पासष्टीपुढच्यांना घरात बसा असे सांगितले होते, ते बसले. त्या काळात जन्मलेली नातवंडे त्यांनी फोनच्या काचेवर पाहिली, भावांचे दहावे-तेरावे व्हिडिओ कॉलवर झाले. ते कोणी भरून देऊ शकत नाही, तशी मागणीही नाही. पण नंतर जे शक्य होते, म्हणजे गाडीत बसून जाऊन येणे, ते वर्षातून दोनदाचे एकदा झाले आणि कित्येकांचे बंदच झाले. गुडघ्यांनी नाही म्हटले तर ऐकावेच लागते. भाड्याने नाही म्हणण्याचे काय कारण?

मागण्या अशा.

सर्वांत आधी, २०२० चा आदेश एकतर मागे घ्या किंवा सवलत कायमची बंद केली आहे असे कारणांसह लेखी जाहीर करा. साथीच्या नावावर काढलेला आदेश साथ गेल्यावर चालवत राहणे शिस्तीत बसत नाही, हे मी खात्यातला माणूस म्हणून सांगतो.

सवलत जुन्याच दराने स्लीपर आणि थ्री-एसीत सुरू करा. ऑगस्ट २०२२ मध्ये संसदेच्या रेल्वेविषयक स्थायी समितीने या दोन वर्गांत तरी तिचा विचार करा असे म्हटले होते. फर्स्ट आणि टू-एसी सोडा, राजधानी-शताब्दीही सोडा, कोणी भांडायला येणार नाही.

एवढेही जड वाटत असेल तर वर्षाला चार फेऱ्यांची मर्यादा घाला, आधारवर मोजा. गर्दीचा हंगाम वगळण्याचा पर्यायही सुचवला जाईल. तो मला पसंत नाही, कारण मुले दिवाळीलाच घरी असतात. पण काहीच न देण्यापेक्षा तोही चालेल.

दोन ज्येष्ठांबरोबर एक सोबती एकाच तिकिटावर असला तरी खालच्या बर्थचा कोटा लागू द्या. आणि गाडी सुटल्यावर रिकामे राहिलेले खालचे बर्थ मधल्या-वरच्या बर्थवरच्या ज्येष्ठांना टीसीने स्वतःहून विचारून द्यावेत असा स्पष्ट आदेश काढा.

वेगळ्या खिडकीसाठी १२० ची अट साठ करा. आणि ज्यांचा आधारला स्वतःचा मोबाइल जोडलेला नाही अशांना आरक्षण केंद्रावर बोट लावून किंवा चेहरा दाखवून ओळख पटवता यावी. पेन्शनरांचा हयातीचा दाखला केंद्र सरकार असाच घेते.

उत्तर हिंदीत, इंग्रजीत, कसेही पाठवा, आम्हाला सगळे वाचता येते. फक्त ‘प्रकरण विचाराधीन आहे’ एवढ्या तीन शब्दांचे पाठवू नका. ते मी खिडकीमागे बसून लोकांना पुष्कळ वर्षे सांगितले आहे.

आपला,
एक निवृत्त आरक्षण लिपिक
रामबाग, इंदूर

प्रत माहितीसाठी : इंदूरचे खासदार, महाव्यवस्थापक पश्चिम रेल्वे, मंडळ रेल्वे व्यवस्थापक रतलाम